नवरीची बुडी

आमच्या बेने इस्रायली बायकांत एक गोष्ट अशी आहे की ती करायची असते, पण कुणाला सांगायची नसते. आईनं मुलीला सांगायची, तीही दाराला कडी लावून. मी ती आता उघडपणे सांगणार आहे, कारण पलूस तालुक्यात ती आधीच पसरली आहे आणि तिथं जी हकीकत फिरते आहे तिच्यात मी माझ्या सख्ख्या भाचीला लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीत बुडवायला निघाले होते. लोकांना काय, तिखटमीठ घरचंच असतं. म्हणून म्हटलं, आपणच सांगितलेलं बरं.

मी अबिगाईल पेणकर. पलूसच्या शाळेत उभी हयात गणित शिकवलं, आता साताऱ्याला असते. मुलं आणि त्यांचे आईबाप मला पेणकरबाई म्हणत, आणि त्यातल्या निम्म्यांना अजूनही वाटतं की मी पेणच्या गणपतीवाल्यांपैकी कुणीतरी आहे. आम्ही कोकणातले यहुदी. शनिवारी आमचा तेलाचा घाणा बंद असायचा म्हणून जुने लोक आम्हाला शनवार तेली म्हणत. घरात बोलणं मराठी, भिंतीवर एलियाहू नबीचं चित्र आणि कालवण नारळाच्या दुधातलं. एवढं सांगितलं की पुरे, बाकी आम्ही तुमच्यासारखेच भांडतो.

तर ती गोष्ट. नवरीनं लग्नाआधी, आणि लग्न झाल्यावर दर महिन्याला पाळी संपून ठरलेले दिवस मोजून झाले की, जिवंत पाण्यात बुडी मारायची. जिवंत म्हणजे झऱ्याचं, नदीचं, समुद्राचं. बादलीतलं चालत नाही. अंगावर धागा नको. पाणी आणि कातडी यांच्यामध्ये काही म्हणजे काही यायला नको, आणि डोक्यावरचा एक केस जरी वर तरंगला तरी ती बुडी फुकट. शेजारी आमच्यातली एक बाई उभी राहते. सगळं आत गेलं की तिनं ‘कोशर’ म्हणायचं, म्हणजे झाली, बरोबर झाली. लग्न झालेलीनं अंधार पडल्यावर जायचं, नवरीला दिवसाची सूट. आणि कधी जाणार, कुठं जाणार, हे कुणाला कळू द्यायचं नाही. लोकांना वाटतं हे मळ काढायला असतं. मळ आधीच काढायचा असतो, चांगला घासून, बुडी त्यानंतरची.

माझ्या बहिणीची मुलगी येमिमा. आम्ही तिला येमू म्हणतो. बहीण गेली तेव्हा येमू लहान होती, वडील कोयनानगरला वीजघरात नोकरीला, तेव्हा पोर माझ्याकडे आली आणि माझीच झाली. मला मूल नाही, नवराही लवकर गेला. त्यामुळे माझं सगळं लक्ष एकाच मुलीवर, आणि ते जरा जास्तच आहे असं ती म्हणते. तिचं लग्न इस्रायलमधल्या बेअरशेबाच्या एलिरानशी ठरलं. त्याचे आजी-आजोबा अलिबागकडचे. तो मराठी बोलतो ती लोणचं चाखल्यासारखी, थोडी थोडी आणि डोळे मिटून. मुलगा चांगला आहे. लांब घेऊन चाललाय, एवढाच त्याच्यात दोष.

लग्न मंगळवारी पुण्याला. मुंबईला आमची पावसाच्या पाण्यावर भरणारी खास टाकी आहे, तिथं बुडी मारून येऊ म्हटलं, तर येमूनं मान हलवली. "मावशी, तिकडे जन्मभर टाइल्सच्या टाकीतच जायचंय. तिथे म्हणे टॉवेल देतात आणि नंबर लावावा लागतो. पहिली तरी आपल्याकडच्या पाण्यात मारू दे. पुढे आठवायला बरी."

हे ऐकल्यावर मला नाही म्हणवेना. मात्र बुडी नीट झाली नाही तर तुला मांडवाखाली उभी राहू देणार नाही, वऱ्हाड परत गेलं तरी चालेल, असं मी बजावलं.

"मलाही अर्धवट नकोच आहे," ती म्हणाली.

आता पाणी कुठलं घ्यायचं? कृष्णा आहे, पण आमच्या भागात कृष्णेत मगरी आहेत, आणि मगरीला शास्त्र समजावून सांगण्याइतका वेळ मिळत नाही. कोयनेला धरण आहे, तिथं कपडे घालून नुसतं काठाशी उभं राहिलं तरी शिट्टी वाजते. शेवटी मला पलूसच्या नाथाजींची विहीर आठवली. चहूबाजूंनी ऊस, दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, आणि झरे असे की भर वैशाखातही पाणी हटत नाही. नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांचा मुलगा माझ्या हातून गणितात कसाबसा सुटला, तेव्हापासून ते माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाहीत.

मी फोन केला. "नाथाजी, सोमवारी दुपारी तुमची विहीर मला पाहिजे."

"इकत का भाड्यानं, बाई?"

"नुसती. मोटर बंद ठेवा, आणि तेवढ्या वेळात तिकडं कुणी फिरकायचं नाही. का ते विचारू नका."

"फौजेतबी आमाला असंच सांगायचे," ते म्हणाले. "इचारत न्हाई."

सोमवारी सकाळी येमूला गरम पाण्यानं मनसोक्त घासून काढली, केस धुतले, कान-नाक सगळं तपासलं आणि आम्ही साताऱ्याहून निघालो. गाडी तीच चालवत होती. कराडच्या पुढं माझी नजर तिच्या स्टिअरिंगवरच्या बोटांवर गेली. लांबलचक गुलाबी नखं, टोकाला चमकी.

"हे काय?"

"नखं."

"कुणाची?"

"माझीच गं. वरून जेल लावलंय. काल तू मेंदीच्या गडबडीत होतीस तेव्हा लावून घेतलं."

मेंदीचं ठीक आहे. मेंदी हा रंग, त्याचा थर नसतो, पाणी अडत नाही. पण जेल म्हणजे नखावर घातलेला स्लॅब. मी तिथंच तोंड सोडलं, ते पलूस येईपर्यंत मिटलं नाही. पलूसमध्ये शिरलो आणि पहिलं पार्लर दिसलं त्यात तिला ओढून नेलं. ते निघालं नाथाजींच्या सुनेचं, संयोगिताचं. योगायोग असे नको तेव्हाच जुळून येतात.

"बाई, उद्या लगीन आन आज नखं काढायची?" संयोगितानं विचारलं.

"काढ. कारण विचारू नकोस."

तिनं बोटांना औषधाचे बोळे बांधले, खरवडलं, घासलं. येमूला ती नखं फार आवडली होती. एकेक निघत गेलं तसे तिचे डोळे भरत गेले, आणि मी शेजारी उभी राहून, "रडू नकोस, लवकर आटप, कुणी बघेल," असं सांगत होते. आम्ही बाहेर पडल्याबरोबर संयोगितानं सासूला फोन लावला. ते मला नंतर कळलं.

तिची सासू राहीबाई, म्हणजे नाथाजींची बायको, बायका घेऊन शेजारच्या रानात भांगलत होती. आम्ही गाडीतून उतरताच ती बांधावर आली. तिनं येमूच्या बोटांकडे बघितलं, डोळ्यांकडे बघितलं आणि उसाचं एक कांडं मोडून तिच्या हातात दिलं. "खा बाय. गोड हाय." नवरीला गोड द्यायचं, त्यात वाईट काय, म्हणून मी खाऊ दिलं. येमूनं अख्खं कांडं चावून संपवलं.

तिथंच माझं चुकलं. बुडीआधी दात कोरून साफ करायचे असतात, दातात कण राहिला तर तोही आडवा येतो. मोटारघरात नेऊन मी तिला आ करायला लावला, तर मागच्या दाढेत उसाचं चिपाड पाचर मारल्यासारखं बसलेलं. काडीनं निघेना. नखानं काढावं तर तिची नखं आताच गेलेली आणि माझी कधी वाढत नाहीत. शेवटी मी पदराचा दोरा उसवला आणि तो दाढांमध्ये घालून करवतीसारखा ओढू लागले.

"आई गं," येमू ओरडली.

"हळू. कुणी ऐकेल."

चिपाड निघालं, हिरडीतून थोडं रक्तही निघालं, आणि येमूच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी. मग कालच भरलेला हिरवा चुडा साबण लावून एकेक करत उतरवला. नाकातली चमकी काढली, कानातलं काढलं, वेणी सोडून केस विंचरले, एक गुंता राहू दिला नाही. तिला पांढऱ्या चादरीत गुंडाळली आणि पुढं घातली. मी मागून चोरासारखी इकडंतिकडं बघत चालले होते.

आता तुम्ही राहीबाईच्या जागी उभे राहून बघा. उद्या लग्न असलेली पोरगी. सकाळी रडत नखं काढून आली. मोटारघरातून ओरडल्याचा आवाज आला. बाहेर आली ती मोकळ्या केसांनी, रिकाम्या मनगटांनी, पांढऱ्या चादरीत, डोळे सुजलेले, आणि चालली विहिरीकडे. मागं मावशी, कुणी बघत नाही ना हे बघत. आमच्याकडच्या बायकांनी विहिरीकडे जाणाऱ्या बायका पाहिलेल्या असतात. त्यातल्या काही परत आलेल्या नसतात.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही पायऱ्या उतरलो. खाली गारवा होता, पाणी हिरवंगार आणि स्वच्छ. शेवटच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या, येमू त्यावरून उतरत गळ्यापर्यंतच्या पाण्यात गेली आणि चादर तिनं माझ्याकडे फेकली. त्या पायरीच्या पुढं मात्र खोल होतं, एकदम. मी वरच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात उभी राहिले आणि तिचं मनगट धरलं. धरायला हरकत नसते, आपला हात आधी ओला करायचा आणि सैल धरायचा, म्हणजे मध्ये पाणी जातं.

"आता श्वास घे, गुडघे वाक, डोळे घट्ट मिटू नकोस, तोंडही घट्ट नको, हात-पाय मोकळे, आणि खाली."

ती खाली गेली. केस पसरले आणि वरच तरंगले.

"फुकट. पुन्हा."

ती पुन्हा गेली. या वेळी केस बुडाले पण कोपर वर राहिलं. तिसऱ्यांदा मनगट वर. चौथ्यांदा खांदा. प्रत्येक वेळी कुठला ना कुठला भाग पाण्याबाहेर, आणि मी वरून ओरडतेय, "अगं नीट जा ना खाली. घाबरतेस कशाला?"

येमू नाकातलं पाणी शिंकरत म्हणाली, "मी घाबरत नाहीये."

"मला शिकवू नकोस. लहानपणापासून तुला पाण्याची भीती. कोयनेत पडली होतीस, मी वेणी धरून ओढून काढली, विसरलीस? म्हणून तर मी तुला कधी पोहायला पाठवलं नाही."

"मावशी, मी काय म्हणते ते..."

तिचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण वरून आरोळी आली. "धावा रं, पोरीनं हिरीत उडी घेतली."

राहीबाईचा आवाज. पाठोपाठ बायकांची धावपळ, कुणी दोर आणा म्हणतंय, कुणी बाज आणा म्हणतंय. विहिरीत पडलेल्याला काढायला आमच्याकडे बाजेच्या चारी कोपऱ्यांना दोर बांधून ती खाली सोडतात. आणि पायऱ्यांच्या तोंडाशी नाथाजींची आकृती दिसली. खाली वाकून बूट काढत होते. बूट काढले म्हणजे पुढची गोष्ट उडी.

मी चादर येमूच्या दिशेनं भिरकावली, ती पाण्यात पसरली, येमू तिच्याखाली हनुवटीपर्यंत दडली. मग मी शाळेच्या मैदानावर ज्या आवाजात मुलांना उभं करत असे तो आवाज काढला. "नाथाजी, सावधान. पीछे मुड."

काय सांगू. उडी घ्यायला निघालेला माणूस, एक बूट हातात, एक पायात, जागच्या जागी टाच वळवून पाठमोरा ताठ उभा राहिला. तोंड उसाकडे.

"तसेच उभे राहा. कुणी पुरुषमाणूस इकडं येता कामा नये."

"जी," नाथाजी उसाला म्हणाले.

पण राहीबाई फौजेत नव्हती. ती तरातरा पायऱ्या उतरत आली, हातात खुरपं तसंच. तिच्या मागं चार-पाच बायका, त्यांच्या मागं बाज. ती माझ्या वरच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि तिनं आधी माझ्याकडे बघितलं नाहीच.

"ए पोरी. तुझ्या मनाइरुद्ध लगीन लावत्यात व्हय?"

"नाही हो काकी," पाण्यातून येमू म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं आणि दातही वाजत होते. "मला पायजे लगीन. मीच ठरवलंय."

"मंग नखं का काढली?"

"काढावी लागतात."

"चुडा?"

"तोही."

"आन हिरीत काय करती?"

"बुडी मारतीय."

राहीबाईनं थोडा विचार केला. मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. या सगळ्या गोंधळात मी येमूचं मनगट सोडलेलं नव्हतं. उलट भीतीनं इतकं आवळलं होतं की माझीच बोटं पांढरी पडली होती.

"बाई," राहीबाई सावकाश म्हणाली, "माझ्या पोराला तुमी शिकवलंसा, तुमच्याबद्दल वंगाळ बोलायला जीभ रेटत न्हाई. पर मी वरनं बगितलं. पोर खाली जाती, तुमी तिला धरून काय तरी करताय. ती वर येती, तुमी वरडताय. परत खाली. तुमी तिला बुडवताय का?"

मला असा संताप आला. "बुडवतेय? मी? अहो, मी तिला बुडू देत नाहीये. ती जरा खाली गेली की मी वर खेचून..."

आणि मी थांबले.

विहिरीत आवाज घुमतो. माझंच वाक्य समोरच्या भिंतीवर आपटून माझ्याकडे परत आलं, आणि ते मला नीट ऐकू आलं. येमू माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आता तरी कळलं ना, असं होतं.

"तेच सांगत होते मी मघापासून," ती म्हणाली. "कोपर वर राहिलं कारण तू ओढलंस. खांदा वर राहिला कारण तू ओढलास. मी खाली जायला तयार आहे गं. तू जाऊ देत नाहीयेस."

"तुला पाण्याची भीती..."

"मला नाही मावशी. तुला आहे."

आता ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनानं दाखवल्या, तिला हे ऐकायला फार सोपं गेलं असं समजू नका. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, आणि मी आधीच विहिरीत अर्धी होते. पण पोर खरं बोलत होती. शास्त्र म्हणतं सैल धर. मला सैल धरणं कधी जमलंच नव्हतं, पाण्यात काय आणि पाण्याबाहेर काय. लग्न झालं की तिला विमानात बसवायची होती आणि मी तिचं मनगट आवळून उभी होते.

राहीबाई आता जरा निवळली होती. खुरपं तिनं कमरेला खोचलं. "म्हंजी ही लग्नाच्या आंगुळीसारखी आंगुळ हाय?"

"तशीच," मी म्हणाले. "पण कुणाला सांगायची नसते."

ती वर वळून बायकांना म्हणाली, "ऐकलं का गं? कुणाला सांगायची न्हाई. फिरा समद्या पलीकडं तोंड करून." बायका फिरल्या. बाज घेऊन आलेल्या दोघी बाज डोक्यावर धरूनच फिरल्या. वर नाथाजी, पायऱ्यांवर बायका, सगळे पाठमोरे. लग्नातला अंतरपाटही इतका कडक नसतो.

"सोड," येमू म्हणाली.

मी सोडलं. एकेक बोट उलगडावं लागलं, मुठीला वात भरल्यासारखं झालं होतं.

येमू पायरीवरच एक पाऊल बाजूला सरली, मोकळं व्हायला, आणि चादर तिनं दूर सारली. तिनं श्वास घेतला, गुडघे वाकवले आणि ती खाली गेली. आधी हनुवटी, मग कपाळ, मग केसांचं मोठं काळं फूल झालं आणि तेही मिटत आत गेलं. वर काही राहिलं नाही. नुसतं पाणी, आणि त्यात आभाळाचा एक गोल तुकडा. तेवढ्या वेळात मी चारदा मेले असेन. माझी पोर माझ्यासमोर पूर्ण नाहीशी झाली होती आणि मला तिला धरायचं नव्हतं.

मग ती वर आली. चेहरा लखलखीत, श्वास घेतेय आणि हसतेय. मी बोलायचं होतं, पण मी आधी ती सगळी परत आली का तेच बघत राहिले.

"बोला की बाई," राहीबाई मागून म्हणाली. तिची पाठच होती, पण कान इकडं होते. "झालं का न्हाई, पोर गारठली."

"कोशर," मी म्हणाले. आवाज फाटला.

पाठमोऱ्या बायकांपैकी एकीनं हळूच विचारलं, "काय म्हनल्या?" दुसरी म्हणाली, "कोशेर म्हनल्या. म्हंजी झालं." आणि मग सगळ्या एकदम, मंगलाष्टकांनंतर टाळी पडावी तशा, म्हणाल्या, "कोशेर."

येमू खिदळायला लागली. तिला हात छातीशी जोडून दुआ म्हणायची होती, ती हसत हसत निम्मी अडखळली, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. मी "आमेन" म्हणाले, बायकाही "आमेन" म्हणाल्या, वरून नाथाजींचं "जय हिंद" ऐकू आलं. त्यांना वाटलं आता असंच काहीतरी म्हणायचं असेल.

खरं तर एकीत भागतं. पण आमच्या घरात तीन मारतात. दुसरी बुडी सहज झाली. "कोशर," मी आता ठणठणीत आवाजात म्हणाले, बायकांनी "कोशेर" केलं, आणि मला मौज वाटू लागली. मी चक्क पदर खोचून, इतकी का घाबरत होते मी, असा विचार करत उभी राहिले. तिसऱ्या बुडीला येमूनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला आणि खाली गेली.

गेली ती येईना.

केस आत, सगळं आत. मी वाट पाहिली. पाण्यावर बुडबुडे आले, फुटले. मी म्हटलं येईल. मग म्हटलं, ही चेष्टा करतेय. तिचा स्वभाव मला माहीत आहे, खाली बसून मजा बघत असणार. हे सगळं मला पक्कं माहीत होतं, आणि तरी माझ्या पायांनी मला विचारलं नाही. मी उडी मारली. नऊवारी नव्हती हेच नशीब. चष्मा, पर्स, पायात चप्पल, सगळ्यानिशी मी त्या पायरीच्या पलीकडे, जिथं तळ लागत नाही तिथं पडले.

मला पोहता येत नाही, हे सांगायचं राहिलंच.

पाणी नाकातोंडात गेलं, कान बंद झाले. मग कुणीतरी माझं मनगट धरलं. घट्ट, हाड दुखेल इतकं. मला ओढलं, पायरी पायाला लागली, मी वर आले आणि खोकत खोकत डोळे उघडले. समोर येमू. तिला पाणी छातीपर्यंत, चादर कशीबशी गुंडाळलेली, डोळे विस्फारलेले.

"मावशी, मी नुसती थोडा वेळ खाली बसले होते. छान वाटत होतं."

"मला वाटलं..."

"मला माहीत आहे तुला काय वाटलं."

वर एकच गलका. पाणी उडाल्याचा मोठा आवाज झाला होता, पण शब्द दिला म्हणून एकही बाई वळली नव्हती. बाज मात्र पाठमोऱ्या अवस्थेतच निम्मी खाली आली होती. फक्त राहीबाई वळली होती. ती म्हणाली, "मी म्हातारी हाय, माझं चालतंय." मग तिनं पायरीवर बसून मला निथळताना नीट बघितलं आणि येमूला विचारलं, "हिची झाली का कोशेर?"

"हिची नाही," येमू म्हणाली. "हिचा अंबाडा वर राहिला. आणि चप्पल घालून चालत नाही."

मग आम्ही तिघी हसायला लागलो. असं हसलो की मला पुन्हा ठसका लागला, येमूनं पाठीवर थोपटलं, आणि त्या हसण्यात कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. आनंदाश्रू म्हणायची पद्धत आहे. तसे नव्हते ते. मला दुःख होत होतं, भयंकर, आणि त्याच वेळी आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

"माझी तिसरी झाली ना पण?" येमूनं विचारलं. "तू म्हणालीच नाहीस."

"मी बघितलं कुठं, मी उडीच्या तयारीत होते."

"मी बगितलं," राहीबाई म्हणाली. "पैल्यांदाच वळून बगितलं. समदे केस आत व्हते. कोशेर."

यावर शास्त्र काय म्हणतं ते मला माहीत आहे. पहिल्या दोन झाल्याच होत्या, मी वाद घातला नाही.

येमूनं माझं मनगट अजून धरलेलंच होतं. आवळून.

"सोड आता," मी म्हणाले. "पाय टेकलेत माझे."

"मला बुडी मारायची होती म्हणून मी सोड म्हटलं," ती म्हणाली. "तुला कुठं लग्न करायचंय?"

तिनं सोडलं नाही. मी पुन्हा सोड म्हटलं नाही. पाणी शांत झालं, आमच्या दोघींच्या भोवतीचे तरंग भिंतीला जाऊन लागले. वर ऊन कलायला लागलं होतं, पुण्याला निघायचं होतं, तिचे वडील फोन करून थकले असतील, आणि ज्यासाठी आलो होतो ते सगळं रीतसर पार पडलं होतं.

"बाई," वरून नाथाजींनी उसाला विचारलं, "झालं का? वळू का?"

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही झालं. थोडा वेळ तसेच उभे राहा."